कुत्र्या-मांजरांच्या गाठी आणि सुईची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात आणि फोनवर गाठींबद्दल तेच ते प्रश्न येतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. बहुतेक प्रश्न कुत्र्या-मांजरांचे आहेत. गावाकडून येणाऱ्या फोनमुळे गाईगुरांचेही दोन शेवटी घेतले आहेत.

१. आंघोळ घालताना हाताला गाठ लागली. लगेच आणू की थोडे दिवस वाट पाहू?

आधी ती गाठच आहे ना, ते नीट पाहा. केस बाजूला सारा, उजेडात धरा. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड गाठ म्हणून दाखवायला आणणारे असतात. उलटाही प्रकार होतो: नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात हे ठाऊक नसल्यामुळे गोचीड समजून लोक ती चिमट्याने ओढतात. बिचारा केकाटतो, मग आमच्याकडे येतो.

खरोखर गाठ असेल तर साधा हिशेब ठेवा. वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ महिनाभर टिकली, तर सुईची तपासणी करून घ्या. भराभर वाढणारी, लाल होणारी, फुटलेली किंवा जनावर सारखं चाटत असलेली गाठ असेल तर महिनासुद्धा थांबू नका.

तोवर एक काम करा. गाठीशेजारी नाणं ठेवून फोटो काढा, दर वेळी तेच नाणं. आणि जागा लिहून ठेवा: ‘डावी बगल, कोपरापासून चार बोटं वर’. ‘पोटाला कुठेतरी होती, आता सापडत नाही’ हे वाक्य आम्ही फार ऐकतो.

२. सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, यात नेमकं काय करतात?

इंजेक्शनची साधी बारीक सुई, बहुतेक वेळा २२ किंवा २३ गेजची, गाठीत घालतात आणि तिच्या पोकळीत शिरलेल्या पेशी काचेच्या स्लाइडवर घेतात. पद्धती दोन. पहिलीत सुईला ५ किंवा १० मिलीची सिरिंज लावून दट्ट्या मागे ओढतात, सुईची दिशा दोन-तीनदा बदलतात आणि बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडून देतात. न सोडता काढली तर पेशी सिरिंजमध्ये उडतात आणि स्लाइडवर काहीच येत नाही. दुसरीत ओढायचंच नाही. नुसती सुई सुतार पक्ष्याच्या चोचीसारखी गाठीत पटपट मागेपुढे करायची. रक्ताळ गाठींना आणि लिंफ नोडला (अवधाण येतं त्या गाठींना) ही दुसरी पद्धत बरी पडते, कारण नमुन्यात रक्त कमी मिसळतं आणि पेशी कमी फुटतात.

मग सुईतला ऐवज हवेच्या फुंकेने स्लाइडवर सोडतात, दुसऱ्या स्लाइडने हलकेच पसरवतात, वाळवतात, रंगवतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. दट्ट्या ओढायला लागतात काही सेकंद. खरं कसब स्लाइड पसरवण्यात आणि ती वाचण्यात आहे.

३. दुखतं का? भूल द्यावी लागते का? उपाशी आणायचं का?

लस टोचताना दुखतं तेवढंच. बहुतेकांना भूल लागत नाही, त्यामुळे उपाशी ठेवायचीही गरज नाही. डोळ्याच्या कडेला, ओठावर, पंजाच्या बोटांमध्ये गाठ असेल किंवा हात लावू न देणारं मांजर असेल, तर थोडी गुंगी देतात. तसं असेल तर आधी फोनवर सांगतील.

एक गोष्ट मात्र आपणहून सांगा: नाकातून रक्त येणं, अंगावर निळेजांभळे डाग, नुकताच गोचीड ताप. अशा जनावरात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असू शकतात आणि टोचल्या जागी रक्त साकळू शकतं.

४. इतकी वर्षं प्रॅक्टिस करता, हाताने चाचपून कळत नाही का?

नाही. हे ऐकून लोकांचा विश्वास डळमळतो, पण खरं तेच आहे. मऊ, हलणारी, कातडीखाली सरकणारी गाठ बघून ‘चरबीची आहे, सोडून द्या’ असं म्हणणं सोपं असतं, आणि बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. उरलेल्या वेळी ती मास्ट सेल ट्यूमर निघते.

कुत्र्यांच्या त्वचेत होणाऱ्या घातक गाठींमध्ये ही सगळ्यात जास्त आढळते आणि हिची सोंगं अनेक. कधी लाल बटणासारखी, कधी चामखिळीसारखी, कधी अगदी चरबीच्या गाठीसारखी लुसलुशीत. आज मोठी, उद्या लहान. त्यामुळे घरच्यांना वाटतं, उतरतेय. बॉक्सर, पग, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात ती जास्त दिसते, पण गावठी कुत्र्यालाही होते.

सुईच्या तपासणीत मात्र ही गाठ सहसा लगेच सापडते. पेशी गोल असतात आणि जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या असतात, जणू कुणी मूठभर खसखस सांडली. काही वेळा झटपट रंगवण्याच्या रसायनात हे कण रंग धरत नाहीत आणि पेशी रिकाम्या दिसतात. शंका असेल तर लीशमन किंवा गीम्साने पुन्हा रंगवावं लागतं.

हे आधी कळण्याचा फायदा सरळ आहे. साधी चरबीची गाठ काढायला लहानसा छेद पुरतो. मास्ट सेल असेल तर भोवतालची दोन-तीन सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खालचा एक पापुद्रा घेऊन काढावी लागते. न तपासता छोट्या छेदाने काढली, तर मुळं आत राहतात आणि दुसऱ्या ऑपरेशनला तिथे कातडीच उरलेली नसते.

५. सुई टोचल्यावर गाठ एकदम लाल होऊन सुजली. काही बिघडलं का?

तिथेच डॉक्टरला दाखवा. मास्ट सेलच्या कणांमध्ये हिस्टामाइन असतं. गाठ दाबली, चोळली किंवा टोचली की ते बाहेर पडतं आणि जागा गांधी उठल्यासारखी फुगते. बहुतेक वेळा ॲलर्जीच्या औषधाने उतरते. उलट्या, डांबरासारखी काळी विष्ठा, गळून जाणं असं काही दिसलं तर वाट न पाहता न्या, कारण हेच हिस्टामाइन जठरात अल्सर करतं. म्हणूनच घरी गाठी दाबून, चोळून, हळदीचा लेप घासून बघू नका.

६. गाठीला सुई लागली की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं आहे का?

हा प्रश्न आजी विचारतात, आयटीवाली नातही विचारते. ‘गाठीला हात लावू नये’ हा समज माणसांच्या बाबतीतला, तोच जनावरांना लागू केला जातो.

सुईच्या वाटेवर पेशी सांडून तिथे नवी गाठ झाल्याची उदाहरणं आहेत, पण ती मुख्यतः पोटातल्या अवयवांची, त्यातही मूत्राशय आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरची. म्हणून तिथे सुई घालायची की नाही याचा डॉक्टर दहादा विचार करतात. कातडीतल्या आणि कातडीखालच्या गाठींत हा धोका नगण्य धरला जातो. हा समज का टिकला, याचं कारण मला असं वाटतं: गाठ वर्षभर अंगावर काढायची, ती फुटायला आली की सुई लावायची आणि महिन्याभरात जनावर गेलं की दोष सुईला.

७. सुईतून पांढरं, पिवळं, लाल असं काय काय निघतं? नुसतं बघून काय समजायचं?

नुसतं बघून अंदाज येतो, निदान होत नाही.

पू निघाला तर बहुधा गळू. बोक्यांमध्ये भांडणानंतर हे हमखास होतं: दातांचं भोक वरून बुजतं आणि आत पू साठतो. तरी स्लाइड बघायचीच, कारण मोठी गाठ मधोमध सडली तरी पुवासारखंच काही निघतं.

टूथपेस्टसारखा घट्ट, करडा, वास येणारा ऐवज निघाला तर केसाच्या मुळाशी झालेली सिस्ट असू शकते. ती पिळायचा मोह फार होतो. पिळू नका, आतल्या आत फुटली तर कातडीखाली भयंकर दाह होतो.

स्लाइडवर तेलाचे थेंब दिसले आणि ते काही केल्या वाळेनात, तर चरबी. गंमत अशी की रंगवण्याआधी स्लाइड मिथेनॉलमध्ये बुडवली की ही चरबी विरघळून जाते आणि काच जवळपास कोरी दिसते. नवख्या डॉक्टरला वाटतं, नमुनाच आला नाही.

नुसतं रक्त आलं तर कोडं. सुई शिरेला लागली असेल, मार लागून रक्त साकळलं असेल किंवा रक्तवाहिन्यांचीच गाठ असेल. यात सुई फार पुढे नेत नाही. प्रश्न १० पाहा.

८. माझ्या लॅबच्या अंगावर आठ गाठी आहेत. एक तपासली, चरबीची निघाली. बाकीच्या सोडून देऊ?

आठही तपासा. म्हाताऱ्या, वजनदार लॅबच्या अंगावर चरबीच्या गाठींची अख्खी रांग असते आणि त्याच रांगेत एखादी मास्ट सेल बसलेली असते. एका गाठीचा रिपोर्ट शेजारणीला लागू होत नाही. आठ टोचण्या एकाच भेटीत होतात. प्रत्येक स्लाइडवर जागा लिहायला सांगा, नाहीतर आठ रिपोर्ट येतील आणि कुठला कुठल्या गाठीचा ते कुणालाच कळणार नाही.

चरबीच्या रिपोर्टचीही एक मर्यादा आहे. सुई चुकून गाठीच्या शेजारी गेली तरी कातडीखालची साधी चरबीच येते, आणि स्नायूंमध्ये घुसणारी चरबीची गाठही स्लाइडवर साध्या चरबीसारखीच दिसते. म्हणून ‘लायपोमा’ (चरबीची गाठ) असा रिपोर्ट आलेली गाठ कडक झाली, वाढली किंवा जनावर लंगडायला लागलं, तर पुन्हा दाखवा.

९. रिपोर्टमध्ये ‘नमुना अपुरा’ आलंय. पैसे परत मिळतात का?

पैशांचं तुमच्या डॉक्टरशी बोला! ‘अपुरा’ म्हणजे ‘काही नाही’ असा अर्थ मात्र काढू नका. काही गाठी पेशी सोडतच नाहीत. कडक, तंतुमय गाठी यात येतात. मोठ्या गाठीच्या मध्यभागी मेलेला भाग असतो, तिथून काही मिळत नाही. कडेच्या भागातून घ्यावं लागतं. एकदा पुन्हा सुई घालून बघणं योग्य. दुसऱ्यांदाही अपुरा आला तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी.

१०. मग थेट बायोप्सीच का नको? दोन-दोन खर्च कशाला?

सुईने सुट्या पेशी मिळतात. बायोप्सीत तुकडा मिळतो, म्हणजे पेशींची मांडणी दिसते. बायोप्सीला भूल, टाके आणि जास्त दिवस लागतात. सुईची तपासणी बऱ्याचदा त्याच दिवशी काहीतरी सांगते: ही सूज आहे की गाठ, गाठ असेल तर कुठल्या कुळातली. पुष्कळ जनावरांचं काम तिथेच भागतं.

सुई कमी पडते त्या जागाही ठरलेल्या आहेत. मास्ट सेलचं नाव ती सांगते, पण प्रत सांगत नाही; कमी की जास्त आक्रमक ते तुकड्यावरच ठरतं. सार्कोमा या मांसल गाठींच्या पेशी आणि भरत आलेल्या जखमेतल्या पेशी स्लाइडवर एकमेकींसारख्या दिसतात, तिथे चांगले पॅथॉलॉजिस्टसुद्धा हात आखडता घेतात. आणि गाठ काढली की ती फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) घालून लॅबला पाठवाच, सुईचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी. काढलेली गाठ कचऱ्यात टाकणं हा आपल्याकडचा जुना दोष आहे.

११. गळ्याखाली दोन्ही बाजूंना गाठी आल्यात. इंजेक्शन देऊन बघितलं, उतरल्या, पण पुन्हा आल्या.

कुठलं इंजेक्शन, हे आधी शोधा. स्टेरॉइड असेल तर अडचण आहे.

दोन्ही बाजूंना सारख्या वाढलेल्या गाठी म्हणजे बहुतेक लिंफ नोड. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ते हेच. कुत्र्यात अशी सर्व अंगाची अवधाणं दोन मुख्य कारणांनी येतात: गोचिडांमुळे होणारा एर्लिकियासारखा संसर्ग, जो आपल्याकडे सर्रास आहे, आणि लिंफोमा, म्हणजे लिंफ नोडचा कॅन्सर. हाताला दोन्ही सारखेच लागतात. स्लाइडवर संसर्गात लहानमोठ्या नाना तऱ्हेच्या पेशी दिसतात. लिंफोमात एकाच छापाच्या मोठ्या पेशी निम्म्याहून जास्त असतात.

स्टेरॉइडने लिंफोमाच्या पेशी काही दिवस मरतात. गाठी बसतात, घरात आनंद होतो, आणि त्या काळात घेतलेली स्लाइड धड काही सांगत नाही. पुढे केमोथेरपी द्यायची झाली तर तिचा गुणही कमी येतो. म्हणून आधी सुई, मग स्टेरॉइड. या एका बाबतीत मी हट्टी आहे.

सुई जबड्याखालच्या नोडमध्ये घालण्याऐवजी खांद्यासमोरच्या किंवा गुडघ्यामागच्या नोडमध्ये घालतात. दात किडलेले असले की जबड्याखालचे नोड तसेही सुजलेले असतात आणि चित्र गढूळ करतात.

१२. कुत्रीच्या सडाला गाठ आहे. सुईने कॅन्सर आहे की नाही ते कळेल?

नेमकं इथेच सुईवर फार भिस्त ठेवू नका. कुत्र्यांमधल्या स्तनाच्या गाठींपैकी साधारण निम्म्या घातक निघतात, पण एकाच गाठीत साधा आणि घातक भाग शेजारी शेजारी असू शकतो. सुई साध्या भागात गेली तर रिपोर्ट खोटा दिलासा देतो. त्यामुळे या गाठी सहसा काढायच्या आणि मग तुकडा तपासायचा. मांजरीत दहापैकी आठ-नऊ गाठी घातक असतात, तिथे घोळ घालत बसू नये.

मग सुई का लावतात? गाठ स्तनाचीच आहे की वरच्या कातडीतली मास्ट सेल किंवा चरबी, हे पाहायला. आणि जवळच्या लिंफ नोडमध्ये काही पोचलंय का ते बघायला. सगळी बाजू लाल, गरम, कडक झाली असेल तर दाहक कॅन्सरची शंका असते. त्यात ऑपरेशनने फायदा होत नाही, आणि सुई ते आधी सांगून एक निष्फळ ऑपरेशन वाचवू शकते.

१३. आमच्या गल्लीतल्या कुत्रीच्या मागून रक्त येतं, फ्लॉवरसारखी गाठ दिसते. तिलाही सुई?

हो, किंवा गाठीवर नुसती काच टेकवली तरी चालतं. हा बहुधा टीव्हीटी, समागमातून पसरणारा ट्यूमर. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये तो भरपूर आहे. हुंगण्या-चाटण्यातून तो नाकावर, तोंडात, कातडीवरही येतो.

याचं नवल असं की इथे विषाणू पसरत नाही, कॅन्सरची जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजते. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या ट्यूमरच्या पेशीत ५७ ते ५९. म्हणजे ती त्या कुत्रीची नसतेच. स्लाइडवर गोल पेशी आणि त्यांत मोत्यांच्या सरीसारखे रिकामे बुडबुडे दिसतात. उपचार बहुतेक वेळा गुणकारी: व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरवरचं औषध दर आठवड्याला, साधारण चार ते सहा वेळा. पूर्ण कोर्स होईपर्यंत धरून ठेवता येईल का, हा तिला रोज खाऊ घालणाऱ्या फीडरचा खरा प्रश्न.

१४. मांजराला लस दिली तिथे गाठ आली.

लहानशी गाठ येते आणि काही आठवड्यांत जिरते. ३-२-१ लक्षात ठेवा: तीन महिन्यांनंतरही टिकली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिना उलटल्यावरही वाढत राहिली, यातलं एक जरी झालं तरी थेट बायोप्सी. सुईवर थांबू नये. इंजेक्शनच्या जागी फार क्वचित सार्कोमा होतो आणि तो सुईला नीट सापडत नाही; कारण प्रश्न १० मध्ये आहे. या भीतीने रेबीजची लस चुकवू नका.

१५. पिल्लाच्या बेंबीवर मऊ गाठ आहे. सुई लावून बघता का?

नाही. दाबल्यावर आत जाणारी बेंबीवरची, जांघेतली किंवा गुदद्वाराशेजारची सूज हर्निया असू शकते आणि आत आतडं किंवा मूत्राशय असतं. आधी बोटांनी, गरज पडल्यास सोनोग्राफीने बघतात. एक बारीक सूचना: सोनोग्राफीची जेल पुसल्याशिवाय सुई घालू देऊ नका. ती स्लाइडवर जांभळा चिखल करते.

१६. दोन वर्षांच्या कुत्र्याच्या कानावर लाल गाठ होती, आपोआप गेली. तपासणी फुकट गेली म्हणायची?

ती हिस्टिओसायटोमा असावी; तरुण कुत्र्यांच्या तोंडावर, कानावर, पायावर येते आणि एक ते तीन महिन्यांत स्वतःच जिरते. पण मास्ट सेलही अगदी अशीच लाल बटणासारखी दिसते. ‘थांबा, जाईल’ असं डॉक्टर छातीठोक सांगू शकले ते त्या सुईमुळेच.

१७. तालुक्याला पॅथॉलॉजिस्ट नाही. स्लाइड शहरात पाठवायच्या तर कशा?

हवेत वाळवून, डबीत, पेन्सिलीने नाव-जागा-तारीख लिहून. फ्रिजमध्ये ठेवू नका, दव धरून पेशी फुटतात. आणि फॉर्मलिनची बाटली त्याच पार्सलमध्ये मुळीच नको: झाकण घट्ट असलं तरी वाफेने स्लाइड खराब होतात, मग रंग चढतच नाही. अशी मेहनत वाया गेलेली मी पाहिली आहे, आणि एकदा ती माझीच होती. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करता येते. सोबत चिठ्ठीत वय, जात, गाठ किती दिवसांची, किती मोठी, कुठली औषधं चालू, हे लिहा. कोऱ्या चिठ्ठीला कोरंच उत्तर येतं.

१८. गाईच्या अंगभर गाठी आल्यात. लम्पी आहे का ते सुईने कळेल?

नाही. लम्पी विषाणूचा आजार आहे. खात्रीसाठी गाठीवरची खपली किंवा कातडीचा तुकडा पीसीआरला पाठवतात. २०२२च्या साथीत गाठी बघूनच निदान करायला लोक शिकले, पण माश्यांच्या चाव्यांनीही अंग गांधी उठल्यासारखं होतं. सरकारी दवाखान्याला कळवा, जनावर वेगळं बांधा.

१९. संकरित गाईला ताप आहे, खांद्यापुढे गाठ आलीय. डॉक्टरांनी गाठीत सुई घातली, हे बरोबर का?

अगदी बरोबर. होल्स्टिन-जर्सी संकरित गाईंना गोचिडांमुळे थायलेरिया होतो आणि खांद्यासमोरचा लिंफ नोड मुठीएवढा होऊ शकतो. त्यातून सुईने घेतलेल्या स्लाइडवर, गीम्साने रंगवल्यावर, पेशींच्या आत निळे ठिपक्यांचे पुंजके दिसतात. त्यांना रॉबर्ट कॉखच्या नावाने कॉखचे निळे कण म्हणतात. ते सापडले की बुपारवाक्वोन हे औषध लगेच सुरू करता येतं, आणि या आजारात एकेक दिवस महत्त्वाचा असतो. रक्तात जंतू दिसायच्या आधी ते या गाठीत दिसू शकतात.

जू घासून बैलाच्या मानेवर आलेली सूज मात्र वेगळी. तिथे सुई घालतात ती आत पू आहे का पाणी एवढं बघायला. जू मात्र लगेच काढा, रिपोर्टची वाट पाहू नका.